नीलाबाईंचे अकरा क्विंटल

आमच्या नगरपंचायतीच्या कचरा डेपोवर नीलाबाई वजनकाटा सांभाळतात. रोज सकाळी घंटागाड्या येतात, ओला कचरा वेगळा उतरतो, एकेक क्रेट काट्यावर चढतो आणि नीलाबाई वजन वहीत लिहितात. त्या वहीत पहिल्या क्रेटसमोर 'एक' असं कधीच नसतं. तिथं 'लाभ' लिहिलेलं असतं, मग दोन, तीन, चार. हे काय, म्हणून मी विचारलं, तर कळलं की त्यांचे वडील हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मापाडी होते. हळद तोलायचे. माप मोजताना पहिल्याला लाभच म्हणतात, हे मला माहीत नसावं याचं त्यांना नवल वाटलं. मी म्हटलं, अहो, पण हा कचरा आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पान उलटलं.

मी विश्वंभर, आरोग्य विभागाचा कारकून. गाव आमचं कळमनुरीच्या रस्त्यावरचं, वस्ती पंधरा हजार आणि तोरा जिल्ह्याच्या ठिकाणाचा. गेल्या वर्षी वरून एक लांबलचक तक्ता आला. हवा तापवणारे वायू शहरं किती सोडतात आणि ते कमी करायला काय करतात, याचा अहवाल भरायचा होता. रस्त्यावरचे दिवे किती वीज खातात, पाण्याचे टँकर किती डिझेल पितात, ओला कचरा किती निघतो. कचरा कुजला की त्यातून वायू निघतो, म्हणून त्याचं वजन हवं. प्रत्येक आकड्यापुढे आणखी दोन रकाने होते: माहिती कुणाकडून घेतली आणि तिचा दर्जा काय, उच्च, मध्यम की कमी. वीस वर्षांच्या नोकरीत आकड्याचा दर्जा मला कुणी विचारला नव्हता.

दिव्यांचे आकडे मी जुन्या फायलीतून उचलले, टँकरचे चालकांना फोन करून. कचऱ्यापाशी घोडं अडलं. तक्त्यातल्या ठोकताळ्यानं आमच्या गावात रोज पंचवीस क्विंटल ओला कचरा निघायला हवा होता. नीलाबाईंच्या वहीत वर्षभर अकरा. दिवाळीत फार तर बारा. मुख्याधिकारी साहेब म्हणाले, पंचवीस लिहा आणि मोकळे व्हा. म्हणून मी नीलाबाईंची सही घ्यायला डेपोवर गेलो.

नीलाबाईंनी सही केली नाही. उरलेलं सगळं गावातल्या म्हशी खातात, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे भाजीची देठं, शिळी भाकरी, फळांची सालं ही कचऱ्यात टाकायची वस्तूच नाही. प्रत्येक गल्लीत म्हशी बांधलेल्या आणि शेजारच्या घरची बादली त्यांच्या टोपल्यात रिकामी होणार हे ठरलेलं. माझ्याच घरची बादली सटवाजी मामांच्या म्हशीला जाते. हे सगळं ठाऊक असूनही मी पंचवीस लिहायला निघालो होतो, कारण पंचवीस लिहिलं की कुणी काही विचारत नाही.

"काट्यावर आलं न्हाई ते मी लिहीत नसते, भाऊ," नीलाबाई म्हणाल्या. "तुमाला पंचवीस पायजे तर पंचवीस आणून टाका."

शेवटी अकराच गेले. महिन्याभरात वरून पत्र आलं: ओल्या कचऱ्याचा आकडा संशयास्पद कमी आहे, पडताळणीला माणूस येईल. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की नोंद खोटी निघाली तर नीलाबाईंना काट्यावरून हटवून पुन्हा नाल्यांवर पाठवणार. नाल्या उपसण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती. काटा मिळून जेमतेम तीन झाली होती. मला वाटलं, आता तरी बाई नमतील. त्या म्हणाल्या की नालीच्या कामाची त्यांना लाज नाही, पण खोटारडी ठरून जायचं नाही.

"माझ्या बापानं तोललेलं पोतं मोंढ्यात कोनी दुसऱ्यांदा तोललं न्हाई," एवढं बोलून त्या क्रेट धुवायला गेल्या.

मला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी हमखास काहीतरी करून बसतो. पडताळणीच्या आदल्या दिवशी घंटागाडीच्या भोंग्यावरून मी गावभर पुकारा केला: पुण्याहून मॅडम येत आहेत, वायूच्या अहवालासाठी उद्या म्हशींची मोजणी होईल, सर्वांनी सहकार्य करावे. माझी अक्कल बघा. संध्याकाळपर्यंत सटवाजी मामांनी पारावर बसून त्याचा अर्थ लावून टाकला. म्हशीच्या ढेकरातून वायू निघतो, हे त्यांनी नातीच्या मोबाइलवर पाहिलं होतं.

"ती बाई ढेकरावर घरपट्टीवानी पट्टी बसवायला येऊन राहिली," त्यांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गावातल्या सगळ्या म्हशी मागच्या वाटेनं नदीकाठच्या मळ्यांत रवाना झाल्या.

शीतल मॅडम पुण्याहून रेल्वेनं नांदेडला उतरल्या आणि तिथून गाडी करून आल्या. वयानं लहान, बोलायला साध्या, हातात टॅब. मी मोठ्या ऐटीत त्यांना गल्ल्यांतून फिरवायला नेलं. खुंटे रिकामे. टोपली रिकामी. शेण मात्र ताजं. म्हशी कुठं आहेत, म्हणून विचारलं तर बायका मलाच विचारू लागल्या, कोणत्या म्हशी? माझी माझ्याच गावात अशी फजिती कधी झाली नव्हती. नीलाबाई आमच्या मागून येत होत्या. एका गोठ्यापाशी त्या थांबल्या, आत डोकावल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

डेपोवर याहून मोठा घोळ वाट बघत होता. खायला म्हशीच नाहीत म्हटल्यावर गावभरच्या बादल्या त्या दिवशी घंटागाडीत रिकाम्या झाल्या होत्या. लाभ, दोन, तीन करत बेरीज तेवीस क्विंटलवर गेली. मी मॅडमच्या पाठीमागून नीलाबाईंना खुणा करत होतो, पण त्यांनी तेवीसच्या तेवीस लिहिले. मॅडमनी वही मागं मागं चाळली. वर्षभर रोज अकरा आणि तपासणीच्या दिवशी तेवीस, याचा जो अर्थ निघतो तोच त्यांनी काढला आणि दर्जाच्या रकान्यात 'कमी' लिहिलं. मी पुकाऱ्याची, पट्टीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या की त्यांना पटतंय, पण पटणं अहवालात लिहिता येत नाही. साहेबांनी मला बाजूला घेऊन सोमवारपासून काट्यावर दुसरा माणूस बघायला सांगितलं. एका बाईची तीन वर्षांची खरी वही मी एका भोंग्यानं खोटी करून ठेवली होती.

मॅडम निघायला उठल्या तेव्हा नीलाबाई पुढे आल्या.

"मॅडम, दिवेलागणीपर्यंत थांबता का? चहा करते."

मॅडमनी विचारलं, कशासाठी.

"पारडी घरीच बांधून हायेत. लेकरं घरी ठेवून माय किती येळ राहील?"

सटवाजी मामांच्या बेतात एवढीच गफलत झाली होती. पारडी म्हशींबरोबर मळ्यात नेली तर दिवसभर दूध पिऊन टाकतील आणि संध्याकाळी डेअरीला घालायला थेंब उरायचा नाही. म्हणून सगळ्यांनी ती गोठ्यातच ठेवली होती. सकाळी नीलाबाई डोकावल्या होत्या त्या यासाठी.

डेपोच्या फाटकापाशी आम्ही क्रेट पालथे घालून बसलो. नदीकडचा रस्ता तिथूनच गावात शिरतो. पाच वाजले. साडेपाच वाजले. मॅडमचा ड्रायव्हर दोनदा घड्याळ दाखवून गेला. साहेब तर केव्हाच घरी गेले होते. नीलाबाई तिसऱ्यांदा चहा ठेवायला उठल्या आणि उभ्याच राहिल्या.

रस्त्यावर धूळ उठली होती. धारेची वेळ झालेली, कास भरून आलेली, तुटलेलं दावं गळ्यात लोंबतंय, अशी एक म्हैस तरातरा चालत येत होती. तिच्या मागं दुसऱ्या, त्यांच्या मागं रस्ताभर म्हशीच म्हशी.

"लाभ," नीलाबाई म्हणाल्या.

मॅडमनी टॅब उघडला आणि त्याही मोजायला लागल्या. म्हशी आमच्याकडे ढुंकूनही न बघता आपापल्या गल्लीला वळत होत्या आणि त्यांच्या मागून धोतर सावरत सटवाजी मामा धापा टाकत येत होते. नीलाबाईंचे भरले दोनशे सत्तर, मॅडमचे दोनशे एकोणसत्तर. मॅडमनी आपला आकडा खोडून सत्तर केला. पट्टी वगैरे काही नाही हे कळल्यावर मामा धोतरानं तोंड पुसत एका क्रेटवर टेकले. मग म्हणाले, "आमच्या दोन गाभण म्हशी मळ्यातच राहिल्या. त्या बी लिहा."

मॅडम हिंगोलीला मुक्कामी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या. म्हशी खुंट्याला होत्या. दारोदार फिरून आम्ही म्हशींपुढच्या बादल्या तोलल्या, त्या जवळपास बारा क्विंटल भरल्या. डेपोवर काट्यानं अकरा क्विंटल वीस किलो दाखवले. 'कमी' खोडलं गेलं आणि सोमवारी काट्यावर नीलाबाईच होत्या.

म्हशींचा रकानाही तक्त्यात निघाला, पार शेवटच्या पानावर, आणि दोनशे बहात्तर म्हशींच्या ढेकरांनी गावाचा एकूण आकडा चांगलाच वर गेला. साहेबांचं तोंड उतरलं. मॅडमनी त्यांना समजावलं की आधी आहे ते खरं सांगायचं, मग काय कमी करायचं ते ठरवता येतं. उपायांच्या यादीत आता पहिला गोबर गॅस आहे आणि त्यासाठी पहिला अर्ज सटवाजी मामांचा.

छापील अहवाल आला तेव्हा तो घेऊन मी डेपोवर गेलो. नीलाबाईंनी पदराला हात पुसले आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. ओला कचरा. माहिती कुणाकडून: नीलाबाई, काट्यावर तोलून. दर्जा: उच्च. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला होता आणि मी तो लपवला नाही. मग त्यांचं बोट हळूहळू वर सरकलं.

"भाऊ, तुमचे दिवे काहून 'कमी'?"

ते दिवे मी खुर्चीत बसून मोजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी एसटी स्टँडवर गेलो. दिव्याच्या पहिल्या खांबाखाली उभा राहिलो, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही हे बघून घेतलं आणि म्हटलं, लाभ.