पणजीचं माहेर

मी देवभोळी बाई नाही, हे आधीच सांगते. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काढली. देवाचा धावा करणाऱ्या वाचतात आणि न करणाऱ्याही वाचतात, दोन्हीकडच्या जातातही. हे रोज बघणाऱ्या बाईची श्रद्धा जरा राठच होते. मंगळवारी मी अंबादेवीला जायचे ते सवयीने, पाच मिनिटं हात जोडायचे आणि येताना भाजी घेऊन घरी. त्यामुळे मागच्या वर्षी जे झालं ते मी अजून फारसं कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून जशी हसायचे तसंच कुणीतरी मला हसणार, हे मला पक्कं माहीत आहे.

झालं असं की माझी भाची म्हणा, लेक म्हणा, ऋतुजा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, तिचा वैद्यकीयचा प्रवेश अडकला. भाऊ आणि भावजय अपघातात गेले तेव्हा ती आठवीत होती; तेव्हापासून ती माझ्याजवळ अमरावतीला. अभ्यास करून पोरीने जागा मिळवली, पण जात पडताळणीच्या वेळी आमचे कागद कमी पडले. माझे आजोबा महादेव यांच्या जन्माची जुनी नोंद आणा, नाहीतर प्रवेश जाईल, असं सांगून मुदत दिली गेली. पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं, याची नोंद गावचा कोतवाल ठेवायचा. त्या कोतवाल बुकात आजोबांचं नाव शोधायचं होतं. वाटलं होतं, दोन दिवसांचं काम आहे.

सोबत होते विठ्ठलदादा. ते आमच्या भावकीतले लांबचे भाऊ, अकोल्याला राहतात, शिक्षकी करून निवृत्त झाले आणि मोडी वाचतात. भावकीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये आमची ओळख झाली. मी घरातल्या ट्रंकेतले जुने दाखले फोटो काढून पाठवायचे, ते वाचून अर्थ लिहून पाठवायचे, आणि अशी आमची दोघांची वंशावळ हळूहळू भरत आली होती. दहा-बारा कागद चिकटवून त्यांनी ती मोठी केलेली, सात पिढ्यांची. उघडली की पलंगावर मावत नसे. दादांना तिचा फार अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दर्यापूर तालुक्यात आमचं मूळ गाव. त्या गावाची बुकं आम्ही दर्यापूरच्या कचेरीत तीन दिवस पान-पान बघितली. माझ्या पणजोबांचं, राघोचं नाव सापडलं. त्यांच्या पुढच्या तीन लेकरांच्या जन्माच्या नोंदी सापडल्या. आजोबांची मात्र नव्हती. आगेमागे पाच-पाच वर्षं बघितली तरी नव्हती. ज्या माणसाच्या मांडीवर बसून मी हुरडा खाल्ला, तो माणूस कागदावर जन्मलेलाच नव्हता. बुकातल्या त्या ओळींवरून बोट फिरवताना एकाएकी वाटून गेलं, आजोबा नाहीत तर माझा बाप नाही, भाऊ नाही, मी नाही, ऋतुजा नाही. सगळे आपण कुठून आलो मग?

तिसऱ्या दिवशी भरदुपारी दादा शेवटचं बुक बघत आत बसले आणि मी बाहेर कचेरीच्या पायरीवर येऊन टेकले. ऑक्टोबरचं ऊन होतं. आवारात चिटपाखरू नव्हतं. पायरीच्या दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखाली, एक पोरगी बसलेली दिसली. सतरा-अठरा वर्षांची असेल. डोक्यावरून कानांवर घट्ट फडकं बांधलेलं, चेहरा पांढराफटक, ओठांना चिरा, आणि चोळी समोरून भिजलेली. मला कुणी सांगायची गरज नव्हती. ओली बाळंतीण होती, आठ दिवसांच्या आतली. मी खेकसलेच तिच्यावर.

"अवं, अशा उन्हात काहून बसली? लेकरू कुठं हाय तुहं?"

"लेकरू हाय घरी. मोठं झालं," ती म्हणाली. "मले पानी दे ना वं बाई."

मी बाटली दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली, आतल्या पाण्याकडे बराच वेळ बघितलं आणि न पिताच परत केली. "इथं नाई. घरी देजो. तुह्या घरी."

बाटली घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली. एकशे चारच्या खाली ताप नसावा. तापात बरळते आहे, असं वाटून मी सवयीने विचारलं, "माहेर कोनतं तुहं?" वॉर्डात केसपेपर भरताना प्रत्येक पहिलटकरणीला मी हेच विचारायचे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे धावपळ करायची वेळ आली तर निरोप तिकडेच द्यावा लागतो.

"पळसखेड," ती म्हणाली. "मुर्तिजापूरच्या अंगाले."

रुग्णवाहिका बोलवायची तर फोन आत पर्समध्ये होता. तो घेऊन मी बाहेर आले तर पायरी रिकामी. फाटकापर्यंत जाऊन आले, पानठेल्यावर विचारलं, कुणी पाहिलं नव्हतं. भीती वगैरे वाटली नाही. राग आला, तिच्या घरच्यांचा. अशा पोरीला मोकळं सोडणारी माणसं मी जन्मभर बघितली होती.

त्यानंतर मात्र घरी काही धड राहिलं नाही. मला तहान लागायला लागली. साधी नाही, माठ संपवला तरी घसा कोरडाच. मी माझी साखर तपासली, दोनदा तपासली, अगदी व्यवस्थित होती. दुपारी बाराच्या सुमाराला स्वयंपाकघरात वास यायचा, ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकल्याचा. बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात तो. उन्हाने डोकं फिरलं असेल म्हणून मी गप्प राहिले. पण एका दुपारी ऋतुजा पुस्तक बाजूला ठेवून आत आली आणि म्हणाली, "आत्या, ओवा कायले जाळून राहिली?" मी काही जाळत नव्हते. गॅससुद्धा बंद होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी भ्याले. मी देवघरात जाऊन दिवा लावला आणि तिला म्हटलं, शेजारी कुणाकडे तरी असेल.

मुदत संपायला आठ दिवस उरले. ऋतुजाने जेवण कमी केलं होतं. त्या मंगळवारी मी अंबादेवीसमोर उभी राहून भांडले. तिचे आईबाप नेलेस, आता एवढंही देत नाहीस, मग मी कशाला येऊ तुझ्याकडे, असं मनातल्या मनात पण चांगलं खडसावून म्हटलं. बोलून झालं आणि एकदम सगळा जोरच गेला. म्हटलं, माझ्याच्याने आता होत नाही, तू बघ. आयुष्यात असं मी कधी म्हटलं नव्हतं. मी सगळं स्वतः करणारी बाई.

माझ्या बाजूला एक बाई सातव्या-आठव्या महिन्याच्या लेकीला घेऊन ओटी भरायला आली होती. ती देवीला म्हणत होती, "माय, पयलंच हाय. काल मायेरी घेऊन आली मी तिले. सुखरूप सुटू दे."

मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले. पहिलं बाळंतपण. माहेर. आजोबा थोरले होते. ते आमच्या गावात जन्मलेच नसतील! तीस वर्षं हजारो बायांना विचारलेला प्रश्न मी माझ्याच पणजीबद्दल विचारला नव्हता. तिथूनच दादांना फोन लावला आणि विचारलं, पणजीचं माहेर कोणतं?

दादा म्हणाले, "बायाइचं माहेर कोन लिवते वं बाई? वंशावळ म्हंजे बाप-लेकाची. बायाइची नावं तरी कुठं हायेत आपल्या कागदात?"

खरंच नव्हती. सात पिढ्यांच्या त्या एवढ्या मोठ्या कागदावर एकही बाई नव्हती, आणि मी स्वतः बाई असून ते इतके दिवस माझ्या लक्षात आलं नव्हतं. कुठल्या गावाची बुकं मागायची, ते सांगणारं आता कुणी जिवंत नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, पळसखेडची बुकं मागा." का, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

शुक्रवारी अकोल्याला गेले. दादांनी अर्ज देऊन ठेवलाच होता. बुक पुढ्यात आलं, कडा कुरतडलेल्या, पानं पिवळी. दादा मोडी अक्षर भिंगातून वाचत खाली खाली जात होते आणि मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. बोट थांबलं. मुलगा, जन्म पळसखेड, बाप राघो, राहणार आमचं गाव, पुढे जात, आणि शेवटी खबर देणाऱ्याचं नाव, म्हणजे मुलीच्या बापाचं. दादांचे डोळे भरून आले. मी देवीचं नाव घेतलं.

"थांब," दादा म्हणाले. सवय म्हणून त्यांनी मृत्यूच्या नोंदींची पानंही उलटली होती. जन्मानंतर सहाव्या दिवशी त्याच गावात एक नोंद होती. साळू, राघोची बायको, वय अंदाजे अठरा. कारण, ताप.

घरात पणजी म्हणून आम्हाला ठाऊक होती ती रखमाबाई. तिच्या नावाने दर अक्षय तृतीयेला घागर भरायची, चिंचवणी-कुरडयांचं पान वाढायचं. ती पणजोबांची दुसरी बायको होती, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबांना तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. साळूच्या नावाने आमच्या घरात कधीही, एकदाही, पाणी ठेवलं गेलं नव्हतं.

बाहेर चहाच्या टपरीवर बसून मी दादांना दर्यापूरच्या पायरीची हकीकत सांगितली. मला वाटलं ते हसतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी खिडकीतून पाहिलं होतं तुले. तू बोलून राहिली होती. कोनासंग, ते नाई दिसलं, मंधात कडुनिंब होता." मग त्यांनी विचारलं, "पानी पेली का ते?"

"नाही. घरी दे म्हणाली."

"मंग चाल," म्हणून ते उठलेच. मी म्हटलं, आज तिथी नाही, वार नाही, गुरुजींना तरी विचारू. "तहानीले कायची तिथी?" म्हणाले आणि माझ्याबरोबर अमरावतीच्या गाडीत बसले.

ऋतुजाचं प्रमाणपत्र पुढे मिळालं, ती आता शिकते आहे, हे इथेच सांगून टाकते. पण त्या संध्याकाळी ते मिळेल की नाही आम्हाला ठाऊक नव्हतं. नोंद हातात होती, निर्णय नव्हता, आणि गंमत म्हणजे मला त्याची काळजीही उरली नव्हती. कोरी घागर आणून आम्ही भरली. दादा मला म्हणाले, पोरीच्या हातून होऊ दे, तिच्या रक्ताची हाय. अंगणातल्या तुळशीपाशी ऋतुजाने ती घेतली आणि मी सांगितलं तसं मोठ्याने म्हटलं, "साळूबाई, महादेवची माय, राघोची बायको, पळसखेडची लेक." आणि पाणी सोडायला लागली.

तेव्हा मला जे कळलं ते आधीच कळायला हवं होतं, निदान मला तरी. वॉर्डात म्हाताऱ्या सासवा आणि आया माझा हात धरायच्या. सिस्टर, बाळंतिणीले पानी नका देऊ, पोट सुटते, अंगात वारं शिरते. जुनी समजूत. मी त्यांच्याशी भांडून, कधी त्यांना बाहेर काढून, त्या तापलेल्या पोरींच्या तोंडाला पाणी लावायचे. साळूच्या वेळी असं भांडणारं कुणी नव्हतं. सहा दिवस ती अंगातल्या तापात पाणी मागत राहिली असेल आणि मायेची माणसं, तिच्या भल्यासाठीच, नाही म्हणत राहिली असतील.

ऋतुजाची घागर संपत आली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्या, अजून आणू का?" मी तिच्या हातातली घागर घेतली आणि भरायला गेले. आम्ही तिघांनी मिळून त्या संध्याकाळी किती घागरी ओतल्या ते मोजलं नाही. अंगणभर चिखल झाला.

ती कोण होती, खरंच होती का, हे मी कुणाशी वाद घालून सांगणार नाही. मी देवीकडे एक कागद मागायला गेले होते, आणि थकून तिच्यावर टाकून मोकळी झाले, तेव्हा तिने कागदाबरोबर माझं माणूस माझ्या हवाली केलं. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. तीस वर्षं मी लोकांच्या लेकीसुनांना पाणी पाजलं. त्यात माझ्या घरची अशी ही एकच होती, आणि तिच्याच तोंडाला पाणी लावायला मला इतका उशीर झाला.