पोट कसंय?

आमच्या घरात धाकट्या भावाच्या आजाराला एकच नाव: पोटाचं दुखणं. आजार आहे स्किझोफ्रेनिया. कॉलेजात असताना त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले, तो दार लावून बसायला लागला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पोरगं भाईर का येईना?" आणि आईच्या तोंडून निघून गेलं, "पोट बिघडलंय वो त्याचं." झालं! तेव्हापासून श्रीरामपूरजवळच्या आमच्या गावात जो तो विचारतो, "पोट कसंय?" पाहुणे येताना ओवा आणतात, हिंगाष्टक आणतात. एक मावशी तर बेंबी बसवणारा माणूसच घेऊन आली. भावानं निमूट शर्ट वर केला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. रोजच्या गोळ्या चालू होत्या म्हणून त्याचं बरं चाललं होतं. दूध डेअरीवर फॅट तपासायचा, चारचौघांत हसायचा.

मी केडगावात राहते, नगरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मला खोटं खपत नाही, हे मी वर्गात बोंबलून सांगते. आणि स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की भावाचं शिक्षण अर्धवट का राहिलं, तर तीच मी शांतपणे म्हणते, "पोटाचा त्रास हो." कसली मेली बाई मी!

अलीकडे आतड्यातल्या जिवाणूंवर लई लिहून येतंय. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती बऱ्याच अभ्यासांत इतरांपेक्षा वेगळी दिसते. आतडं आणि मेंदू यांच्यात नसांतून, रक्तातून सारखे निरोप जात-येत असतात. मी हावऱ्यासारखी वाचत सुटले. मला आनंद झाला, तो भावासाठी नाही, माझ्यासाठी. म्हणजे आपण इतकी वर्षं खोटं बोलतच नव्हतो! त्याच लेखांत पुढं लिहिलेलं होतं की जिवाणू बदलल्यामुळं आजार होतो, की आजारामुळं, खाण्यापिण्यामुळं, खुद्द औषधांमुळं जिवाणू बदलतात, हे अजून उलगडलेलं नाही. जिवाणू देऊन आजार हटतो असंही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मी तेही वाचलं होतं.

रविवारी एसटीनं गावी गेले आणि चपला काढता काढता आईला म्हटलं, "आई, तू बरोबर होतीस. पोटाचंच आहे." मग आतडं, जंतू, मेंदू सगळं सांगितलं. आईनं पदरानं डोळे पुसले. "बघ बाई, मी म्हनतच हुते." तिला इतकं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "अजून नक्की नाही हां," हे मी शेवटी पुटपुटले, तेही ती ताक घुसळायला उठल्यावर.

पुढं काय झालं ते सांगायला लाज वाटते. आईनं त्याला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर ताक सुरू केलं आणि गोळ्या डब्यात ठेवून दिल्या. पोटाचं हाय तर डोक्याच्या गोळ्या कशाला? तिचा हिशोब सरळ होता. भावाला त्या गोळ्यांनी सुस्ती यायची, वजन वाढायचं, त्यानंही कुरकुर केली नाही. श्रावण सरला आणि आईचा फोन आला. तो डेअरीवर जाईना. गोठ्याच्या भिंतीला कान लावून बसतो म्हणाली. जेवायलाही उठेना.

दोघांना गाडी करून नगरला आणलं. मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो, तेवढ्यात आमच्या कॉलेजातल्या एक बाई समोरून आल्या. "अगं, तू इकडं कशी?" आणि मी, भिंतीवर डॉक्टरांची एवढी मोठी पाटी असताना, म्हटलं, "भावाचं पोट बिघडलंय." बाई पाटीकडं बघत राहिल्या. भाऊ कालपासून कुणाशी बोलला नव्हता. त्यानं हळूच मान वळवली, माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली.

आत डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?" आई अभिमानानं म्हणाली, "ह्या आमच्या लेकीनं शोध लावला. जीवशास्त्र शिकवती ती." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. डॉक्टर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताक द्या की. पण गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही."

गोळ्या परत सुरू झाल्या. तो सावरायला दिवाळी उजाडली. भाऊबीजेला गेले, ओवाळताना म्हटलं, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "ताई, आजार पोटात असू दे न्हाईतर डोक्यात, माझा मला हायेच. तुला लोकांना कुठला सांगायला सोपा जातो, त्याच्यापायी मी कशाला मरू?" मी तबक खाली ठेवलं.

तेवढ्यात शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. नेहमीसारखं विचारलं, "काय रं, पोट कसंय?"

"पोट झकास हाय, काकू. मला स्किझोफ्रेनिया हाय. डोक्याचा आजार."

आईचा चेहरा पांढरा पडला. काकूंनी ताट खाली ठेवलं. "म्हाईत हाय की रं आमाला. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. गोळी घेतली का, आसं इचारायची चोरी. तुज्या आईला वाईट वाटंल म्हून पोट इचारायचो." मग आईकडं वळून म्हणाल्या, "आवं, गोळ्या बंद केल्या हे एका शब्दानं बोलला आस्ता, तर त्याच दिवशी भांडले आस्ते तुमच्याशी."

काकूंनी भावापुढं करंजी धरली. "गोळी घेतली का रं आज?"

"घेतली, काकू."

मी फुलवाती सावरायचं निमित्त करून खालीच बघत राहिले.