आई मॅच बघत नसे

आमच्या घरात टीव्हीवर मॅच सुरू झाली की आई स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घ्यायची. पोळ्या झालेल्या असल्या तरी. तिला मॅच आवडत नव्हती असं मुळीच नाही. आवडायची म्हणूनच ती बघत नसे. आपण बघितलं की आपली माणसं हरतात, असं तिने कधीचं ठरवून टाकलं होतं. आतून दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय झालं रे?" बाबा मुद्दाम गप्प राहायचे. मग ती पिठाच्या हातांनी दारापर्यंत यायची आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहायची. बाबा म्हणायचे, "जगात पाठीने मॅच बघणारी ही एकटीच."

या समजुतीचं मूळ तिच्या गावी, चिपळूणजवळ होतं. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीत तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, सगळ्यांच्या पुढे होता. आईने मैदानाच्या कडेवरून त्याला जोरात हाक मारली, त्याने वळून बघितलं आणि तो पडला. हात मोडला. घरी आल्यावर आजी वैतागून बोलून गेली, "तुलाच मेली बघायची हौस." आजी दुसऱ्या दिवशी ते विसरलीही असेल. आई विसरली नाही. पुढे तिने बघायला घेतलेल्या दोन-चार क्रिकेट मॅच आपण हरलो आणि तिची खात्रीच पटली.

एरवी मात्र बघणं हेच आईचं काम होतं. आम्ही ठाकुर्लीला राहायचो आणि ती मानपाड्याच्या एका औषध कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होती. पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटांतलं एखादा रिकामा खण तिला लांबून दिसायचा. नव्या मुलींना ती सांगायची, "हात चालू दे, पण जीव डोळ्यांत ठेव." घरीही तेच. माझ्या चेहऱ्यावरून पेपर कसा गेला ते तिला मी चप्पल काढायच्या आत कळलेलं असायचं. फक्त कोणी धावत असेल, खेळत असेल, जिंकायच्या बेतात असेल, तर ती नजर फिरवायची.

आणि नेमका माझा दादा गोलकीपर निघाला. कल्याणच्या कॉलेजात गेल्यावर फुटबॉल त्याच्या अंगातच भिनला. रोज चिखलाने माखून यायचा. आई त्याचे मोजे ब्रशने घासायची, गुडघ्याला हळद लावायची, मॅचच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवायची, पण मैदानाकडे फिरकायची नाही. बाबांच्या शिफ्टा असायच्या. दादा शेवटच्या वर्षाला असताना त्याची टीम कोल्हापूरला, कॉलेजांच्या एका मोठ्या स्पर्धेला निघाली. बूट भरता भरता तो माझ्याशी बोलत होता. "यानंतर नोकरी. म्हणजे खेळणं बहुतेक संपलंच. गंमत बघ, घरातल्या कोणी मला कधी खेळताना बघितलंच नाही." तो हसत बोलला होता. आई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालायचा आवाज थांबला, एवढं मला कळलं.

दादा टीमबरोबर गेला आणि त्याच संध्याकाळी आई मला म्हणाली, "मनू, शनिवारी उपांत्य फेरी आहे म्हणे. तिथवर तर पोहोचतीलच. आपण दोघी कोल्हापूरला जाऊया."

मी अकरावीत होते. घरच्यांबरोबर लग्नकार्याशिवाय कुठे जायची मला सवय नव्हती. मी म्हटलं, "तू मॅच बघणार?"

"छे. मी बाहेर थांबेन. तू आत बस आणि मला फोनवर सांग."

"मग इथूनच ऐक की फोनवर."

"इथून वेगळं. तो बाहेर येईल तेव्हा मी तिथे असेन."

बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "म्हणजे कोल्हापूरला जाऊन तू भिंत बघणार?"

"बघेन. तुमच्या शिफ्टमधून सुटी मिळाली तर तुम्हीही या."

त्यानंतरचा आठवडा मला अजून लख्ख आठवतो. दादाला कळू द्यायचं नव्हतं, त्याच्यावर दडपण येईल म्हणून. त्यामुळे त्याचा फोन आला की आम्ही दोघी शहाण्यासारख्या बोलायचो आणि फोन ठेवला की हसत सुटायचो. आईने दिवसाच्या गाडीची तिकिटं काढली, कारण तिला घाट बघायचा होता. राहायची सोय तिच्या कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या माहेरी झाली. आम्ही त्या घरातल्या कोणालाही ओळखत नव्हतो. "ओळखत नाही म्हणून तर जायचं, गेल्यावर ओळख होईल," हे आईचं त्यावरचं म्हणणं. तिने रविवारचेही कपडे भरले, कारण रविवारी अंतिम सामना होता आणि आपली टीम पोहोचणार हे तिने धरलंच होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या झाल्या, लसणाची चटणी झाली. बेसनाचे लाडू इतके झाले की मी विचारलं, "पूर्ण टीमला?" ती म्हणाली, "समोरच्या टीमची पोरं काय उपाशी बघत बसणार?"

गाडीत आई वेगळीच झाली. खिडकीशी बसून तिने मला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं. मी पुऱ्यांचे तुकडे मांडून समजावलं. तिला ते माझ्यापेक्षा लवकर कळलं आणि समोरच्या सीटवरच्या आजोबांना तिने लगेच शिकवलंही. घाटात ती दाराशी जाऊन उभी राहिली, तोंडावर वारा घेत. मी इतकी वर्षं तिला कामावर जाताना आणि कामावरून येताना बघितलं होतं. नुसतीच कुठेतरी निघालेली आई मी पहिल्यांदा बघत होते.

कोल्हापूरच्या त्या घरातल्या काकांनी आम्हाला आग्रह करकरून जेवू घातलं आणि वर सांगितलं, "तुमचा पोरगा उद्या हरतोय बघा वहिनी. आमच्या गावची टीम आहे समोर. पण तुम्ही पोटभर जेवा."

शनिवारी मैदानावर गेलो तर ही गर्दी. आमच्याकडे कॉलेजची मॅच म्हणजे दोन्ही बाजूंचे मित्र आणि कडेला एखादा भेळवाला. इथे अख्खी पेठ लोटली होती. आई ठरल्याप्रमाणे फाटकाबाहेर थांबली. मी आत बसले आणि फोन लावला, पण आरडाओरड्यात तिला एक शब्द ऐकू येईना. शेवटी मी दर थोड्या वेळाने पळत फाटकाशी जायचे आणि सांगून यायचे. दादाने एक अडवला. त्यांचा एक गोल झाला. आपण फेडला. प्रत्येक वेळी ती पदर मुठीत धरून मान हलवायची. "लागलं नाही ना त्याला?"

बरोबरीत वेळ संपली. पेनल्टीवर निकाल लागणार होता. मी सांगायला धावले तर आईशेजारी आणखी एक बाई उभ्या. तशाच, मैदानाकडे पाठ करून. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. आई म्हणाली, "या मंगलताई. यांचा सागर समोरच्या टीममध्ये आहे. यापण बघत नाहीत."

मंगलताई म्हणाल्या, "मी बघितलं की पोराचा नेम चुकतोय. म्हणून मी आत जातच नाही."

मी हसू दाबत सांगितलं की आता पेनल्टी आहेत, आणि आतले लोक म्हणत होते की सागर त्यांचा शेवटचा मारणारा आहे. म्हणजे यांचा मुलगा मारणार आणि आमचा अडवणार.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आई म्हणाली, "मंगलताई, माझं ऐका. तुम्ही बघितलं तर तुमचा चुकतो. मी बघितलं तर माझा चुकतो. दोघींनी एकदम बघितलं तर?"

मंगलताईंनी गंभीरपणे विचार केला. "फिटंफाट व्हईल."

आणि त्या दोघी हातात हात घालून फाटकातून आत शिरल्या. गर्दीने वाट दिली. आई अगदी कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली. दादा गोलमध्ये हात पसरून उभा होता. तिने त्याला असं कधीच बघितलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "केवढा दिसतो गं."

पहिले काही फटके गोलमध्ये गेले, आपलेही आणि त्यांचेही. मग दादाने डावीकडे झेप घेऊन एक अडवला. आईने मंगलताईंचा हात आवळला. त्यानंतर आमच्या एका मुलाचा फटका बाहेर गेला आणि पुन्हा बरोबरी झाली. शेवटी सागर आला. शिडशिडीत, सावळा मुलगा. मंगलताई पुटपुटत होत्या. आई पापणी लववत नव्हती. सागरने उजवीकडे मारला, दादा डावीकडे गेला.

सगळं मैदान उसळलं. दादा गवतावर पालथा पडून होता. मी आईकडे बघायला घाबरत होते. पण ती बघतच होती. दादा उठला, त्याने गुडघे झटकले, चालत जाऊन सागरला मिठी मारली. मग आई माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "मी बघत होते तरी एक अडवला. मी बघत होते तरी एक गेला. त्या बॉलला माझी ओळखसुद्धा नाही मनू."

मंगलताई रडत होत्या आणि आईच त्यांचे डोळे पुसत होती.

दादा बाहेर आला आणि आम्हाला बघून जागीच थांबला. "आई? तू कधी आलीस?"

"काल."

"बघितलीस मॅच?"

"शेवटचं बघितलं."

"म्हणजे हरताना बघितलंस."

"हो. आणि त्याआधी झेप घेतलीस तीपण बघितली. उठून त्या पोराला भेटलास, तेही."

दादा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला, तिच्यापेक्षा वीतभर उंच असून. मग लाडवांचा डबा उघडला आणि दोन्ही टीमची पोरं तिथेच गवतावर बसली. सागरने सगळ्यात जास्त खाल्ले.

रविवारचे कपडे भरलेलेच होते, त्यामुळे आम्ही अंतिम सामना बघायला थांबलो. आता आईने सागरची बाजू घेतली होती. दोघी सुरुवातीपासून पहिल्या रांगेत. आई इतकी ओरडली की दादा दोन खुर्च्या लांब जाऊन बसला. सागरची टीम सपाटून हरली. मंगलताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "दोघींची मिळून नजर लई जोरात लागली बगा." आणि त्या दोघी एकमेकींना टाळ्या देत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

त्यानंतर आईने कशाकडेच पाठ केली नाही. टीव्हीसमोर पहिली खुर्ची तिची झाली. बाबांच्या हृदयाची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांना म्हणाली, "मला पडद्यावर दाखवा, मी बघते." माझ्या पहिल्या मुलाखतीला ऑफिसच्या खाली येऊन थांबली आणि मी नापास होऊन उतरले तर म्हणाली, "चल, भूक लागली असेल." आम्ही दोघी वर्षातून एकदा कुठेतरी मॅच बघायला जायचोच, कधी नाशिक, कधी पुणे, आणि कोल्हापूरला तर मंगलताईंकडे हक्काने. सागरच्या लग्नात आई वरमायांच्या रांगेत बसली होती.

गेल्या वर्षी आई आजारी पडली. आपलं आता फार नाही हे तिला आमच्याआधी कळलं होतं, कारण रिपोर्ट ती स्वतः वाचायची. मंगलताई कोल्हापूरहून आल्या आणि पिशवी ठेवून थेट तिच्या पलंगाशेजारी बसल्या. एका दुपारी मी हॉस्पिटलमध्ये गेले तर मंगलताईंच्या हातात फोन होता आणि कुठल्याशा परदेशी क्लबांची मॅच सुरू होती. कोणत्या टीमच्या बाजूने ओरडायचं यावरून दोघींचा हळू आवाजात वाद चालला होता. मी उशी नीट करू लागले, पाणी विचारलं, औषधाचं विचारलं. आईने मला हाताने बाजूला केलं.

"मनू, मध्ये उभी राहू नकोस," ती म्हणाली. "तू घरी जाऊन जेव. आम्ही मॅच बघतोय."

माझ्याशी धड असं तिचं ते शेवटचं बोलणं. मी दाराशी जाऊन थोडा वेळ थांबले. मग कोणीतरी गोल केला असावा, कारण आतून दोघींचं हसू ऐकू आलं, आणि मी जेवायला घरी गेले.