रूशी साहेबाचा महाल

संपादक साहेब अन् वाचक मंडळी, सगळ्यांले रामराम. भूतखेत, लागीर, उतारा... या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही, अन् आजही ठेवत नाही. आमच्या बार्शीटाकळीत कोणाच्या अंगात आलं की मी आधी विचारत होतो – जेवला का बावा? उपाशी माणसाच्या अंगात लवकर येते. माझी बायको भागी म्हणायची, "तुमाले तं देवबी भेते." असा मी माणूस.

ती भागी यंदा गेली. ती गेली त्या दिवसापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही, म्हणून हे लिहून राहिलो. चौथीच्या पुढं शाळा पाहिली नाही, चुका तुम्ही सुधरून घ्या. गोष्ट मात्र सुधरू नका.

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, तेव्हा आम्ही अकोल्यात होतो. स्टेशनाच्या अलीकडे, कापसातली सरकी काढायच्या जिनांच्या मागे, एका कापूस कंपनीचा बंगला होता. समोर कौलारू पडवी, मागे विहीर अन् विहिरीले लागून आमची एक खोली. मी तिथं माळी. भागी बंगला झाडे, पाणी भरे, अन् शेवंतीचे हार करून बाजारात विके. लग्नाले बरीच वर्षं झाली होती, पण लेकरू नव्हतं.

बंगल्यात कंपनीचा म्हातारा इंजिनियर एकटा राहायचा. गोरा, पण इंग्रज नाही. रूस देशाचा. त्याचं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून सारे रूशी साहेब म्हणत. हिंदी त्याले मोडकी येत होती, पण वऱ्हाडी तो भागीकडून शिकला. सकाळी पडवीत येऊन म्हणे, "बाई, मले भूक लागून राह्यली." कंपनीचे बाबू लोक मुद्दाम ऐकायले यायचे अन् पोट धरून हसायचे.

हा माणूस आपल्या देशात बादशहाचा मिस्तरी होता. वीट-गारा करणारा नव्हे, महालाचा नक्शा काढणारा. त्याचा बाप भिंतीले गिलावा करायचा. पोरगं हुशार निघालं म्हणून कोण्या सरदारानं शिकवलं, दुसऱ्या देशात जुनी देवळं-महाल पाहायले पाठवलं, अन् मग ते बादशहाच्या दरबारात चिकटलं. मी वाफ्याले पाणी देत असलो की साहेब उपड्या घमेल्यावर बसून एकेक सांगे. राणीसाठी काचेचा बगीचा बांधला – बाहेर माणूसभर बर्फ अन् आत झाडाले लिंबं पिवळी. मी तोंडावर म्हणलं, "सायेब, मी माळी हावो. थापा मले नोका मारू." तो हसला. प्रार्थनेचं देऊळ बांधलं, त्याचे कळस कांद्यासारखे. भागीनं विचारलं, "कांदा कावून जी?" तो म्हणे, त्याच्यावर बर्फ टिकत नाही, घसरून जाते. भागी म्हणाली, "आमच्याकडे कांद्यानं डोये गळते, तुमच्याकडे बर्फ गळते."

अन् सगळ्यात मोठं काम म्हणजे थंडीच्या दिवसात बादशहा राहायचा तो महाल. त्यात साहेबाची अर्धी उमर गेली.

मग तिथले लोक उठले. बादशहाले मारलं. साहेबाची बायको आधीच वारली होती, एक लहान पोरगी होती. पळायचं ठरलं तेव्हा बाहेर हाडं फुटतील अशी थंडी. यानं पोरीले महालात नेलं, भिंतीतल्या शेगडीपाशी बसवलं, अन् म्हणे, गाडी घेऊन येतो तवर इथून हालू नको. गाडी घेऊन आला तर फाटक बंद. शिपायांनी धरला, मारला, कोठडीत टाकला. सुटून आला तेव्हा महालात दुसरीच माणसं, पोरीचा पत्ता नाही. कोणी म्हणे नेली, कोणी म्हणे मेली. हे त्यानं आम्हाले एकदाच सांगितलं. नंतर इराणातून मुंबई, अन् मुंबईहून अकोला.

बादशहाचा महाल बांधणारा माणूस आमच्या इकडे टिनाचे शेड बांधत होता. धामणगावच्या एका जिनाच्या धुराड्याले त्यानं वर कमळाच्या पाकळ्या काढल्या. म्यानेजर ओरडला, "हे जीन आहे का देऊळ?" पाकळ्या फोडायले लावल्या. साहेब खाली उभा राहून पाहत होता.

आता मूळ गोष्ट. वैशाख चालू होता. अकोल्याचा वैशाख ज्यानं पाहिला त्याले सांगायची गरज नाही, ज्यानं पाहिला नाही त्याले सांगून समजत नाही. भागी बाजारातून आली ती डोकं धरूनच. ऊन लागलं. मी कांद्याचा रस तळपायाले चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, पण ताप हटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकदम कुडकुडायले लागली. मी गोधडी टाकली, तिच्यावर घोंगडी टाकली. हात लावला तर अंग भाजत नव्हतं... गार होतं. माठासारखं.

"अवो," ती डोळे मिटून म्हणाली, "फरशी लय गार हाय."

"कोणती फरशी? शेणाची जमीन हाय आपली."

"काळी-पांढरी. सोंगट्याच्या पटासारखी."

साहेब तेव्हाच दारात आला होता. तिच्या डोक्यावर ठेवायले स्टेशनातून बर्फाचा तुकडा आणला होता, गोणपाटात गुंडाळून. तो तिथंच थांबला. बर्फ त्याच्या हातातून ठिबकत राहिलं.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "डाव्या बाजूनं काय हाय?"

"दगडाची बाई बसली. मांडीवर दगडाचा कुत्रा. कुत्र्याले एक कान नाई."

साहेब खालीच बसला. चुलीतला कोळसा उचलला अन् खाटेजवळच्या सारवलेल्या जमिनीवर रेघा ओढायले लागला. दालन, जिना, आंगण. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं तो महालच काढला, अन् भागी जिथं सांगे तिथं बोट ठेवे. मी मनात म्हणलं, यानंच सांगितलेल्या गोष्टी हिच्या तापात शिरल्या. दुसरं काय?

तेवढ्यात भागी म्हणाली, "भिंतीच्या पोटात बोळ हाय. काळाकुट्ट. तथून मानसं-बाया शेगडीत लाकडं टाकून राह्यले."

साहेबाचा चेहरा उतरला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, महालातल्या शेगड्या मागून पेटवत. बादशहाले आग दिसली पाहिजे, आग लावणारा नोकर दिसला नाही पाहिजे, म्हणून भिंतीतून बोळी काढल्या होत्या.

"हे तुमी आमाले कधी सांगतलं?"

"नाई सांगतलं. लाज वाटे."

खरंच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तेव्हाच त्याले दोन गोष्टी सुनावल्या असत्या.

"बाई, त्या बोळीत जा," साहेब म्हणाला. "सरळ. मंग उजवीकडे."

कोळशाची रेघ आत आत जाऊन राहिली होती. भागीची नखं निळी पडली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मी आधी चुलीकडे पाहिलं, चूल तर विझलेली. वैशाखातल्या दुपारी, बंद खोलीत, माझ्या बायकोच्या तोंडातून वाफ!

"सायेब, बाहेर निघाचा रस्ता कोन्ता?"

तो रेघ ओढतच राहिला.

"सायेब!"

"एक दार, माळी. एकच दार राह्यलं."

"पोट्टी हाय अथी," भागी म्हणाली. आवाज असा, की बारक्या लेकराले जाग येऊ नये. "निळा झगा घातलेली. शेगडीपाशी बसली. शेगडी विझली हाय. विचारून राह्यली, गाडी आली का?"

साहेबाच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मग तो वऱ्हाडीतच म्हणाला, "आली म्हण. हात धर तिचा. घेऊन ये, बाई."

मी त्याची गचांडी धरली. त्या काळी गोऱ्या माणसाच्या गळ्याले हात लावला तर माळ्याले जेल होती. मी म्हणलं, "रस्ता दाखव, नाहीतर इथंच गाडतो." तेव्हा त्यानं दाखवला. बोळ, उतरता जिना, मागचं आंगण, लहान फाटक. मी खाटेपाशी ओरडून तिले एकेक सांगत गेलो. साहेब मध्येच म्हणाला, "आंगणात बर्फ हाय. बाईच्या पायात काई नाई." मी म्हणलं, चालू दे.

मग मी हाका मारायले लागलो. "अवं! ये इकडे! अवं, आयकतं का?"

"हाक नोका मारू," भागी म्हणाली. "साऱ्याच बायांनी मांगं पाह्यलं."

"कोण बाया?"

"बोळीतल्या, लाकडं टाकनाऱ्या. त्याबी निंगाल्या माह्या मांगं."

माझ्या अंगावर काटा आला, तो हे लिहिताना आताही आला. साहेब म्हणाला, "नाव घे, माळी. तिचं नाव घे." आमच्यात तेव्हा माणूस बायकोले नावानं हाक मारत नव्हता. 'अवं' म्हणलं की तिनं समजायचं, पण 'अवं' तर कोण्याही बाईले लागू. लग्नात जेवताना घास देऊन एकदा नाव घेतलं असेल, त्यानंतर माझ्या तोंडात ते नाव नव्हतं. मी जीव खाऊन ओरडलो, "भागी! भागी!"

तिनं डोळे उघडले. तिचा उजवा हात खाटेबाहेर दाराकडे लांबलेला होता, मूठ अर्धी मिटलेली, लहान लेकराचं बोट धरावं तशी. तिनं त्या हाताकडे पाहिलं.

"सुटली," ती म्हणाली.

साहेब उठला अन् बाहेर गेला. त्याच्या त्या नक्शावर बर्फाचं पाणी पसरलं होतं.

ताप उतरला, पण भागीच्या उजव्या पायाची दोन बोटं आधी पांढरी पडली अन् मग काळी. डाक्टर आणला. मोठ्या लढाईत पलटणीसोबत थंड मुलखात जाऊन आलेला माणूस होता. त्यानं पाय हातात घेतला अन् बराच वेळ सोडलाच नाही. म्हणे, "बर्फात राहिलेल्या शिपायांचे पाय असे होत होते. अकोल्यात हे कसं होईल?" बोटांचे शेंडे कापावे लागले. बाकीचं त्याले सांगितलं तेव्हा म्हणाला, तापात माणूस ऐकलेलं पाहिलं म्हणून सांगते. मी म्हणलं, अन् बोटं? तो हात धुवून निघून गेला.

पुढं रोज साहेब आमच्या दाराशी येऊन उभा राहायचा. "बाई, आणखी एक वक्त?" मी त्याले हाकलत होतो. पण मी भ्यालो ते साहेबाले नाही, भागीले भ्यालो. ती म्हणायची, "जाऊ द्या नं मले. लेकरू एकटं बसलं हाय."

मी नोकरी सोडली. भागीले घेऊन अमरावतीले आलो, तिच्या भावाच्या मळ्यात. टांगा निघाला तेव्हा साहेब फाटकात उभा होता. नंतर धामणगावच्या एका शेडात काम पाहता पाहता वारला, असं कानावर आलं.

अमरावतीत मळा झाला, पोरगा झाला, सून आली. भागी थोडी लंगडत चालायची. पण भाकर वाढता वाढता मध्येच म्हणे, "फाटक दोन पावलावर होतं. तुमी कावून हाक मारली?"

"मेली असती तू."

"अन् ते?"

मी तिले तोंडावर सांगत होतो, पुन्हा तीच वेळ आली तरी मी हाकच मारीन. मग ती दोन-दोन दिवस बोलायची नाही.

यंदा ती पुन्हा आजारी पडली. बाहेर कडक ऊन, अन् तिले हुडहुडी. तिनं माझी बंडी धरून मले खाली ओढलं. "यावक्ती हाक नोका मारू." एवढंच बोलली अन् डोळे मिटले.

सगळे जमले. पोरगा माय-माय करून रडत होता. सून म्हणाली, "मामाजी, तुमच्या हाकेनं त्या डोये उघडतीन. एक डाव तं नाव घ्या." शेजारच्या बायाही म्हणाल्या. मी धोतराचा सोगा दातात धरला अन् बसून राहिलो. पोरगा सगळ्यांच्या समोर म्हणाला, "दगड हाय हा मानूस." भागीचे ओठ हालत होते. आवाज नव्हता, पण लेकराले समजावते तसे हालत होते. मग तेही थांबले.

ती कुठं गेली होती, काय पाहिलं, त्या बोटांले काय झालं – मले माहीत नाही. कोणाले समजत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. मले एवढंच समजते, की मी हाक मारली असती तर ती वळली असती. माझ्या हाकेले ती कधी वळली नाही असं झालंच नाही. म्हणून नाही मारली.