सासऱ्यांच्या पंगतीतला फितूर

माझ्या कादंबरीत मी ज्या गढीवाल्याला फितूर ठरवलं, तो माझ्या बायकोच्या घराण्याचा मूळपुरुष होता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून लिहिलं, आणि वर छातीठोकपणे सांगत फिरलो की यातला शब्द न् शब्द इतिहास आहे. पुढे जे झालं ते आठवलं की अजूनही मान वर होत नाही.

कादंबरी अठराव्या शतकातल्या बंडावर होती. देवगडचं गोंड राज्य नागपूरच्या दरबारानं हळूहळू गिळलं, तेव्हा तिकडच्या लोकांनी एकदा उलट हत्यार उपसलं होतं. त्यावर लिहिलेलं फार सापडत नाही. मला सापडलं ते दोन ओळींचं होतं: भिवापूरकडच्या बाजूची एक लहानशी गढी बंडवाल्यांना न लढता मिळाली. न लढता का, कोणी दिली, याबद्दल अवाक्षर नाही.

त्याचं उत्तर माझ्या सासुरवाडीला होतं. सासरे भिवापूरजवळ मिरची पिकवतात, बोलायला मोजके, पण अक्षय्य तृतीयेचं जेवण झालं की दर वर्षी ही गोष्ट सांगायचेच. गढीला वेढा पडला. आतली विहीर आटली. आत गावातली बायकापोरं होती, गुरं होती. दरबाराची कुमक काही येईना. तेव्हा गढीवाल्यानं पोरांकडे पाहून दार उघडलं. बंडवाल्यांनी सगळ्यांना जाऊ दिलं. नंतर दरबाराची माणसं आली, गढीवाल्याला धरून घेऊन गेली, आणि तो परत आला नाही. ना प्रेत मिळालं, ना अग्नी देता आला.

म्हणून त्या घरात एक रीत पडली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांना जेवू घालतात. मातीची नवी घागर भरायची, पळसाच्या पत्रावळी मांडायच्या, आणि घरच्या कर्त्यानं सगळ्यात जुन्या पितरापासून एकेकाला नावानं हाक मारायची. पहिली हाक या गढीवाल्याला. त्याच्या पत्रावळीवर पुरण वाढण्याआधी पाणी ठेवायचं, कारण तहानेला माणूस. अंत्यसंस्कार झाले नाहीत त्या माणसाला वर्षातून एकदा मिळायचं ते एवढंच.

ही गोष्ट मी पंचवीसतीस वर्षं ढेकर देत ऐकली आणि मग कादंबरीत घातली. घातली म्हणजे काय, वाट लावली तिची. प्रकाशकाला मधला भाग ढिला वाटत होता. विहीर आटली म्हणून दार उघडलं, यात त्याला काही दम दिसेना. मलाही दिसेना, हे इथे सांगतो. मग मी त्या माणसाला बंडवाल्यांकडून पाटीलकीचं आमिष दाखवलं, अर्ध्या रात्री दार उघडायला लावलं, आणि त्याच्या तोंडी एक लांबलचक बेरकी भाषण घातलं. नाव तेवढं बदललं नाही. नाव भारदस्त होतं, सोडवेना. बायकोनं हस्तलिखित वाचलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबांना दाखवलं?" मी म्हटलं, कादंबरी आहे, त्यांना कळतं तेवढं. नागपुरातल्या नंदनवन भागातल्या आमच्या घरात त्यानंतर कितीतरी दिवस भाजीत मीठ कमी पडायचं, पण मी लक्ष दिलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण विमा कंपनीत आयुष्यभर दुसऱ्यांचे दावे तपासलेल्या माणसाला म्हातारपणी इतिहासकार म्हणवून घ्यायची हौस आली. प्रस्तावनेत लिहिलं, 'या लेखनात इतिहासाशी कुठेही प्रतारणा केलेली नाही.' सभांमध्ये शाल खांद्यावर घेऊन सांगितलं, की जुनी कागदपत्रं चाळून चाळून डोळे अधू झाले. डोळे अधू झाले होते ते वयानं.

कादंबरी आली त्याच्या पुढची अक्षय्य तृतीया. आम्ही सकाळी उमरेडच्या रस्त्यानं निघालो, ऊन चढायच्या आत पोचलो. स्वयंपाकघरात पुरण, वडे, कुरडया, चिंचवणीचा वास. सासरे आंघोळ करून धोतरात बसले होते. वहिनी, म्हणजे माझ्या मेहुण्याची बायको, पत्रावळी मांडत होती. तिनं सवयीनं पहिली मांडली आणि तिच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला. सासऱ्यांनी गडवा बाजूला केला, पत्रावळ उचलली आणि गठ्ठ्यावर परत ठेवून दिली. मग दुसऱ्या पितरापासून हाका मारायला सुरुवात केली.

मला वाटलं, वय झालं, विसरले. बायको म्हणाली, "बाबा, पहिलं नाव राहिलं."

"राह्यलं नाई," सासरे म्हणाले. "त्याले आता नाई वाढाचं."

"काहून?"

"जवाईबापूनं कागदं पायले. आपल्याले काय मालूम होतं वं बाई? माह्या बापानं मले सांगतलं, त्याच्या बापानं त्याले सांगतलं. घरातल्या माणसाचं वाईट कोण सांगते? ज्यानं पाटीलकीसाठी दार खोललं, त्याले पितर म्हणून कसं बोलवाचं?"

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "तुमी वाईट नका वाटून घेऊ. आमच्या घरचं असूनही खरं लिहिलं तुमी, याले हिंमत लागते. मी हिवाळाभर वाचलं तुमचं पुस्तक. दोनदा वाचलं. भावकीतही सांगून देल्लं सगळ्याइले, का बा, आपण चुकून राहिलो होतो."

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. पण पंगत बसली, माझ्यासमोर जावयाचं म्हणून ताट आलं, त्यावर तुपाची धार आली, आणि मी जेवलो. पुरण दोनदा घेतलं, कारण नको म्हटलं असतं तर कोणी विचारलं असतं. समोर भिंतीजवळ पत्रावळींची ओळ होती आणि तिच्या सुरुवातीला, जिथे नेहमी पहिली पत्रावळ असायची, तिथली सारवलेली जमीन मोकळी होती. मला इतकी लाज वाटत होती की घास तोंडात फिरत होता, आणि तरीही मी तो गिळत होतो. भित्रेपणा म्हणतात तो हाच असणार.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर बायको तिथे आली. "तुम्ही सांगता का मी सांगू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "मीच सांगतो."

सासरे कडुनिंबाखाली बाजेवर पडले होते. मी बाजेच्या कडेला बसलो आणि एका दमात बोलून टाकलं. "मामाजी, ते मी मनानं लिहिलं. कागदात तुमच्या गढीवाल्याचं नावसुद्धा नाही. गढी न लढता गेली, एवढंच आहे. पाटीलकी, ते भाषण, सगळं माझं. तुम्ही सांगत होता तेच खरं असेल."

ते उठून बसले. माझ्याकडे पाहून हसले. प्रेमानंच हसले. "पोरीनं पाठवलं ना तुमाले?"

"पाठवलं नाही. मी स्वतः सांगतो आहे."

"तुमच्या पुस्तकात सुरुवातीलेच लिहिलं हाये, इतिहासाशी प्रतारणा नाई म्हणून. मी ते वाक्य ध्यानात ठेवलं. आता तुमी म्हणता सगळं मनचं. म्हाताऱ्याचं मन राखासाठी खोटं नका बोलू, जवाईबापू."

"मामाजी, मी तेव्हा खोटं लिहिलं."

"काहून लिहान खोटं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. "आमच्या पितरानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

मधला भाग ढिला होता, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी गप्प बसलो, आणि माझं गप्प बसणं त्यांना त्यांच्याच बाजूचं वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, जाऊ द्या, चहा घ्या.

मी आत गेलो. गठ्ठ्यातली एक पत्रावळ उचलली आणि त्या मोकळ्या जागी नेऊन ठेवली. स्वयंपाकघरातून पुरण आणायला निघालो तर वहिनी दारात उभी. ती हळूच म्हणाली, "भाऊजी, तुमी जवाई. तुमच्या हातचं आमच्या पितराइले पोचत नाई." तिनं ती पत्रावळ उचलून नेली. तिच्या आवाजात दोष नव्हता, रीत होती ती सांगितली. हे मलाही लग्नापासून माहीत होतं. त्या माणसाला पंगतीतून उठवायला माझा हात चालला, बसवायला चालेना.

परतीच्या वाटेवर बायको खिडकीबाहेर पाहत होती. उमरेड मागे पडल्यावर मी म्हटलं, पुढच्या आवृत्तीत प्रस्तावना बदलतो. ती म्हणाली, "बदला."

प्रस्तावना मी बदलली. गढीवाल्याबद्दलचा मजकूर काल्पनिक आहे आणि त्याच्या घराण्याची मी क्षमा मागतो, असं स्पष्ट लिहिलं. सभांमधूनही हेच सांगायला लागलो, तेव्हा बोलावणीही कमी झाली. नवी आवृत्ती घेऊन मी मुद्दाम भिवापूरला गेलो, सासऱ्यांना ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, ते वाक्य स्वतः पुन्हा वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, पटलं.

यंदाही त्यांनी दुसऱ्या पितरापासूनच हाका मारल्या. आणि भावकीत ते सांगतात, असा जावई नशिबानं मिळतो, आमच्या घराची अब्रू झाकायला त्यानं आपल्या खऱ्या पुस्तकालासुद्धा खोटं म्हटलं.