एका पाटाची जागा

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाट पुसून भिंतीला लावत होते. सकाळच्या गाडीनं ठाण्याहून आलेला आमच्या माहेरचा जुना गडी, भिवा, ओटीवर उभा राहिला, डोईचं मुंडासं काढलं आणि म्हणाला, "अक्का, दादा गेलं गो..." मला आधी संताप आला, रडू मागाहून. आज महिना उलटला तरी तो संताप उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझा हा थोरला भाऊ ठाण्याच्या कचेरीत कारकून होता, पण गावात त्याची ओळख त्याच्या देहामुळे. पंगतीत त्याच्यासाठी दोन पाट जोडून मांडावे लागत. "अरे, दादांचे दोन पाट कुठायत?" असं यजमान मुद्दाम ओरडून विचारी, पंगत हसे आणि दादा सगळ्यांहून मोठ्यानं हसे. लोकांना वाटे, याला गंमत वाटते. मला मात्र तो एकदा म्हणाला होता, "गोदे, चारचौघांसारखं एका पाटावर बसावं, एवढंच वाटतं गं." पुढं तळ्याकाठच्या देवळाच्या पायऱ्या चढताना त्याला घेरी आली. वैद्यबुवांनी नाडी पाहून भात, तूप, गोडधोड सगळं तोडलं. जवाची भाकरी आणि ताक, आणि रोज पहाटे मिठागरांपर्यंत चालत जायचं नि यायचं. लोक म्हणाले, चार दिवसांचं खूळ आहे. दादानं ते खूळ दोन वर्षं चालवलं आणि खरोखरच निम्मा झाला.

वैद्यबुवांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, मेद झडला की कातडी आपोआप अंगाला बसेल. ती कसली बसते! दंडांवरून, छातीवरून, पोटावरून ती लोंबत राहिली. पोटाची तर घडीच मांड्यांवर उतरलेली. उन्हाळ्यात त्या घड्यांत घाम मुरे, आतली कातडी लाल होऊन सोलून निघे. वहिनी रोज शंखजिऱ्याची पूड लावी. मी कल्याणहून माझ्या जुनेरांचे मऊ पट्टे फाडून धाडत असे. ते पोटाभोवती घट्ट गुंडाळून, वर अंगरखा चढवून दादा कचेरीत जाई. रस्त्यात लोक त्याला शाबासकी देत आणि तो अंगरख्याचे बंद चाचपत पुढं सरके. "घालवायचा होता तो गेला गं," तो मला म्हणाला, "पण स्वतःचं बिऱ्हाड माझ्या अंगावर टाकून गेला. काय पाप केलं होतं मी? सांगितलं तसं सगळं केलं ना?"

त्याच वर्षी माझ्या मुलाची मुंज ठरली. पंगतीला सोवळं नेसून, उघड्या अंगानं बसायचं ही आमची रीत. मामा पंगतीत हवाच. दादा आदल्या दिवशीच आला, पण जेवायला बसायचा विषय काढला की उठून ओटीवर जाई. शेवटी त्यानं विनूदादाला माजघरात बोलावलं. विनूदादा म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र. मीही त्याला भाऊच मानत आले. तोंडावर त्याला अहोजाहो करते, इथं मला ते करवत नाही. दादानं अंगरखा काढला, पट्टे सोडले आणि विचारलं, "हे असं आहे. बसू का? हसतील का रे?" विनूदादाचे डोळे भरून आले. ते मी पाहिलं, मी तिथंच पाणी घेऊन उभी होते. तो म्हणाला, "माझ्या शेजारी बस. कोण हसतो तेच बघतो मी."

दुसऱ्या दिवशी दादा पंगतीत आला. दादाबरोबर आलेल्या भिवानं सवयीनं दोन पाट मांडले होते. दादानं त्यातला एक स्वतःच्या हातानं उचलून भिंतीला लावला, उपरणं काढलं आणि उरलेल्या पाटावर बसला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो... मुंज माझ्या मुलाची की त्याची, असं वाटावं. कुणी मान फिरवली, कुणी पानाकडे पाहिलं. तेवढ्यावर निभलं असतं. पण विनूदादानं दादाच्या कुशीवरची घडी दोन बोटांत धरून उचलली आणि मोठ्यानं म्हणाला, "अहो, आमचे दादा एक उपरणं काढायचं विसरले वाटतं!"

सगळी पंगत हसली. भटजीसुद्धा हसले. माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं. मी दादाकडे पाहिलं. तो या वेळी हसला नव्हता. तेवढ्यात, काही झालंच नाही अशा थाटात, आमच्या इकडच्या स्वारीनं यजमानाच्या नात्यानं म्हटलं, "सावकाश होऊ द्या." पंगतीतून मध्येच एक उठला तर सगळ्यांनाच हात धुवावे लागतात. माझ्या मुलाच्या मुंजीची पंगत मोडू नये म्हणून तो माणूस शेवटच्या ताकभातापर्यंत बसून राहिला, उघडा, दोन्ही हात पोटाशी आवळता येत नाहीत म्हणून एकच आवळून.

त्यानंतर दादा कुठल्याही पंगतीला बसला नाही. माझ्याकडे आला तरी स्वयंपाकघरात, दार लोटून, अंगरख्यासकट जेवायचा. सोवळं मोडतं म्हणून सासूबाई कुरकुरत, मी ऐकून घेई. लोक म्हणत, बारीक झाल्यापासून दादांना शिष्टपणा आला. विनूदादाही तेच म्हणे. आणि दादा? तो त्याच्याशी रोज संध्याकाळी सोंगट्या खेळत राहिला! मी चिडून विचारलं तर म्हणाला, "आता या वयात दुसरा मित्र कुठून आणू?" त्याचाही मला राग आहे. माझ्याच्यानं जे विसरवत नव्हतं, ते त्यानं गिळून टाकलं आणि मला एकटीला रागावत ठेवलं.

ठाण्याच्या घरी तेराव्याला विनूदादा आला. ओटीवर बसून रडला, दादा पूर्वी पंगतीत किती जिलब्या उडवायचा त्या गोष्टी सांगून लोकांना रडवलं. मग सोवळं नेसून पंगतीत बसला. त्याच्या शेजारी मी दादाचा पाट मांडला, पान वाढलं, तांब्या ठेवला. पंगत सुरू झाली तरी ती जागा रिकामीच पाहून त्यानं विचारलं, "इथं कोण बसायचंय, गोदे?"

"दादा," मी म्हटलं. "तुमच्याच शेजारी बसायचं ठरलं होतं ना?"

त्याचा हात भातावरच थांबला. त्यानं दाराकडे पाहिलं, मग जेवणाऱ्या साऱ्या रांगेकडे. मी त्याच्या पानात तूप वाढलं, दादाच्या पानातही वाढलं, आणि म्हटलं, "सावकाश होऊ द्या."