दामूच्या ओठाचं तूप

दामूच्या तोंडात तुळशीचं पान ठेवायला वाकले, तेव्हा त्याच्या ओठांवर गोल वळ दिसला. ट्रंपेट वाजवणाऱ्याच्या ओठांवर उठतो तसा, लालभडक, जणू आत्ताच वाजवून उठलाय. आठ महिने त्यानं ट्रंपेटला हात लावला नव्हता. शेजारणीला दाखवायला वळले आणि पुन्हा पाहिलं, तर ओठ नुसते पांढरे... माझं वय झालंय, डोळ्यांनी फसवलं असेल. दिसलं ते लिहिते.

दामू माझा धाकटा भाऊ. बोईसरजवळच्या नवापूरच्या आमच्या बॅण्डमध्ये त्यानं तीस वर्षं ट्रंपेट वाजवलं. हळदीला चार-चार तास उभा असायचा. नवे वाजवणारे जोर लावून ट्रंपेट ओठांवर दाबत, दात आतून रुतत, संध्याकाळपर्यंत ओठ सुजत. दामू त्यांना म्हणायचा, "बायको नाय तुझी, एवढा दाबू नको." वारा पोटातून काढायचा, ओठ ढिले ठेवायचे, असं त्याचं सांगणं. लग्नसराईत तो तिखटाला आणि सुक्या बोंबलाला शिवत नसे. माझ्यासारख्या सुकी मासळी विकणाऱ्या बहिणीच्या घरात हे सोपं नव्हतं, मी बोलायचेही. दोन गाण्यांच्या मध्ये तोंड मिटून बसायचा. घरी आला की मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या. माऊथपीस रोज गरम पाण्यात धुवायचा, दुसऱ्याच्या तोंडाला लावू द्यायचा नाही. एवढं करूनही फोड यायचाच. मग मी वाटीतलं तूप हळद कालवून लावायचे आणि म्हणायचे, दोन दिवस तोंड बंद ठेव. दोन दिवसांत बरं व्हायचं.

मग एक फोड आला तो गेलाच नाही. खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला. दुखत नव्हता. दामू म्हणाला, वाजवण्याचाच आहे. मी बॅटरी मारून पाहिलं. कडा कडक लागल्या. तंबाखू तो खायचा, तेही मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, वाजवण्याचाच आहे. तीन महिने आम्ही तूप लावत राहिलो. इतके दिवस काय करत होता, असं मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दामूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझं नाव सांगितलं नाही. नंतर त्याचा जबडा कापला.

त्याला जाऊन दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात बॅण्डमधला क्लॅरिनेटवाला महादू सकाळीच दारात आला. पन्नाशीचा माणूस, तूप मागू लागला. त्याच्या ओठाच्या आत फोड होता, डाव्याच बाजूला. तीन आठवडे झाले म्हणाला. तूप लावायचं कोणी सांगितलं, मी विचारलं.

"दामूनं. परवा सपनात आलता. म्हनला, बायकडं जा, तूप लाव, दोन दिवस तोंड बंद ठेव."

बाय म्हणजे मी, आणि ते शब्द माझे. दामूखेरीज कोणाला मी ते कधी बोलले नव्हते.

आत गेले. दामूच्या खोलीतल्या फळीवर तुपाची वाटी तशीच होती. आमच्याकडे दुपारच्या उकाड्यात तूप वितळतं आणि रात्री थिजून सपाट होतं. घरात मी एकटी, आणि तूप मी खात नाही. त्या तुपात बोट फिरवल्याची खोबण होती... ताजी.

वाटीला हात न लावता बाहेर आले आणि महादूला रिक्षात घालून बोईसरला डॉक्टरकडे नेलं. वाटभर तो कुरकुरत होता, क्लॅरिनेटचाच फोड हाय, बाय उगाच घाबरते.

"दामूचा पन ट्रंपेटचाच व्हता," मी म्हणाले.

मग त्यानं जिभेनं फोड चाचपला. डॉक्टरांनी फोडाचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट अजून यायचा आहे.

घरी येऊन तूप मागच्या चुलीत ओतलं. वाटी राखेनं घासली आणि त्याच्या फळीवर पालथी ठेवली. खोलीत कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं सांगितलं.

"दुसरं काय पायजे ते माग, दामू. तूप नाय देनार."